राक्षस काळाच का?



सिंटरक्लासच्या सणात गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून नोकर 'झ्वार्टे पीट' व्हायचं, याची इथे नायमेखनमध्ये आपल्याला चीड येते, ती रास्तच आहे. २०१९ साली अपेलडोर्नच्या राष्ट्रीय मिरवणुकीत पीटच्या गालांवर काजळीचे फराटेच काय ते उरले. पण भारतातून मुलांसाठी हौसेने आणलेली 'अमर चित्र कथा' एकदा याच नजरेने चाळा. राक्षस बहुधा काळेतपकिरी, दांडगे, राजकन्या गोऱ्यापान. आपण ज्याला सावळा म्हणतो तो कृष्णसुद्धा आभाळी निळा! १९६७पासून या मालिकेने पुराणं घरोघरी नेली, हे खरं; काळा म्हणजे दुष्ट हेही त्याबरोबरच गेलं.

'पुराणात तसंच आहे' हा बचाव मला पटत नाही. डच 'शॉर्स आणि शिमी'मधला काळा शिमी जाड ओठांचा, मोडकंतोडकं डच बोलणारा विदूषक होता. १९६९मध्ये यान क्राइस यांनी तो नीट बोलणारा, चारचौघांसारखा मुलगा काढला. कॉमिक त्यानंतरही चाललंच की!

पुढच्या भारतवारीत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत चितारलेलं बाबासाहेबांचं चरित्र 'भीमायन' (२०११) बॅगेत टाका. जुनी पुस्तकं फेकू नका. मुलांबरोबर वाचा, आणि राक्षसाच्या रंगाबद्दल त्यांनी विचारलं तर पान उलटू नका.