दहा वॅट पुरे!

घरात छोटा फिशटँक आणायचा आणि त्यात प्लास्टिकची नाही तर खरी झाडं लावायची, असं ठरलं की पहिला प्रश्न येतो लाइटचा. इथेच आपली इंजिनीयर जमात घसरते. लॅपटॉप घेताना स्पेसिफिकेशन्स बघतो तशी लाइटची बघायची आणि परवडेल त्यातला सगळ्यात दणकट लाइट उचलायचा. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, सिंपल! माझं मत नेमकं उलटं आहे. दोन फुटी टँकला साधी दहा वॅटची एलईडी बॅटन पुरते, आणि पहिल्या वर्षी त्याहून मोठं काही घेऊच नये.

का ते सांगतो. झाडाला उजेड लागतो, कार्बन डायऑक्साइड लागतो आणि खत लागतं. यातलं जे सगळ्यात कमी असेल तेच वाढीचा वेग ठरवतं. शेतीवाले याला लीबिगचा नियम म्हणतात, आपण बॉटलनेक म्हणतो. साध्या टँकमध्ये बॉटलनेक असतो कार्बन डायऑक्साइडचा. अशा वेळी उजेड दुप्पट केला तरी झाडं दुप्पट वाढत नाहीत, फायदा होतो तो शेवाळाला. मग काचा हिरव्या, पानांवर बुळबुळीत थर, दर रविवारी घासाघीस... आणि चार-सहा महिन्यांत टँक माळ्यावर. त्यातल्या माशांचं काय झालं हे मग कोणी विचारत नाही. मला खरा राग याचा आहे.

"मग लाइट हवाच कशाला, खिडकीत ठेवू की टँक!" असंही कोणी म्हणेल. इगतपुरीचंच घ्या. जून ते सप्टेंबर ढग घाटावरून थेट गावात उतरतात, भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. तीच खिडकी एप्रिलमध्ये टँकवर सरळ ऊन टाकते, पाणी तापतं आणि हिरवं होतं. म्हणजे चार महिने उपास आणि उन्हाळ्यात जेवणावळ! झाडांना हवा असतो रोज तेवढाच उजेड. म्हणून टँक खिडकीपासून लांब ठेवावा आणि लाइट टायमरवर लावावा.

आता थोडं गणित. ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा टँक म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४५ लिटर. दहा वॅटची बॅटन साधारण १००० ल्युमेन देते, म्हणजे लिटरला वीसेक ल्युमेन. सावलीत वाढणाऱ्या झाडांना एवढं भरपूर झालं. "लिटरमागे इतके वॅट" हे जुने हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातले आहेत. एलईडी तेवढ्याच विजेत जास्त उजेड देते आणि तोही खाली, एकाच दिशेला. रोज आठ तास लावली तरी महिन्याला अडीच युनिटच्या आत.

रंगाचंही तेच. गुलाबी-जांभळे 'ग्रो लाइट' लागतातच असं नाही. पांढऱ्या एलईडीत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, त्यामुळे झाडाला हवा तो निळा आणि थोडा लाल प्रकाश त्यात असतोच. याच निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मानकऱ्यांपैकी एक हिरोशी अमानो. (प्लँटेड टँकवाल्यांचे दैवत ताकाशी अमानो ते वेगळे!) खोक्यावर ६५०० केल्विन, 'कूल डेलाइट' असं लिहिलेलं बघा आणि घ्या.

झाडं मात्र लाइट बघून निवडा. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया ही मंडळी कमी उजेडात खूश असतात. (अनुबियास आणि जावा फर्नचा कंद वाळूत पुरू नका, सडतो. दगडाला दोऱ्याने बांधा.) क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्याच ओढ्यांत उगवतात. म्हणून ट्रेकला जाऊन उपटून आणू नका हां, दुकानात मिळतात.

टायमर सुरुवातीला सहा तासांवर ठेवा, झाडं रुजली की आठ. संध्याकाळी पाच ते अकरा ठेवलं तर ऑफिसहून आल्यावर टँक बघायलाही मिळतो. लाइट गेली की काट्याचा टायमर तिथेच थांबतो आणि वेळ पुढे सरकते, म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. बॅटन वॉटरप्रूफ नसते, तेव्हा टँकवर काचेचं झाकण हवंच. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खालीच ठिबकेल.

लालभडक झाडं आणि खाली हिरवा गालिचा हवा असेल तर दहा वॅट पुरणार नाहीत, हे मान्य. पण तेव्हाही आधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खत, मग मोठा लाइट. हा क्रम उलटा केला की शेवाळ आलंच म्हणून समजा.

असो. लाइटवर वाचलेल्या पैशांतून झाडं जास्त घ्या. पहिल्या दिवसापासून टँक झाडांनी भरलेला असला की शेवाळाला जागा कमी मिळते. मासे मात्र महिनाभर थांबून आणा, घाई नको.