अर्थिंग नसेल तर खोली भाड्याने देऊ नका!

विदर्भातील भाडेकरूंनो, घरमालकांनो आणि वायरमन बंधूंनो,

उन्हाळा तोंडावर आला. कूलर खाली उतरतील, नव्या ताट्या लागतील, टाकीत पंप सुटतील. आणि काही दिवसांत पेपरात दरवर्षीची बातमी येईल : कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून महिलेचा मृत्यू. कधी तिच्या जागी पत्र्याला हात लावणारे लेकरू असते. लोक हळहळतात आणि म्हणतात, “तिनं बटन बंद करायला पाहिजे होतं.”

बटन बंद करायलाच हवे, पिनही काढायला हवी. पण एकदा बटन विसरले तर जीव जाईल, अशी खोली तिला दिली कोणी?

कूलरची बॉडी लोखंडी, पंप पाण्यात, त्याची वायर पत्र्याच्या कडेला घासणारी. वायर सोलली की सगळ्या पत्र्यात 230 व्होल्ट उतरतात. अर्थिंग धड असेल तर प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून जातो.

भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट असते, पण वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर असेलच असे नाही. काही महाभाग तिथे न्यूट्रलच जोडून देतात. ती न्यूट्रल मागे कुठे तुटली, तर धडधाकट कूलरचा पत्राही शॉक देतो. ही कारागिरी नव्हे, जिवाशी खेळ आहे.

“एमसीबी लावून दिली आहे ना!” हे घरमालकांचे ठरलेले उत्तर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. जीवघेणा शॉक बसला तरी 16 अँपिअरची एमसीबी जागची हलत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. 30 मिलिअँपिअर गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त प्रवाह घेतो! आणि तिची किंमत नव्या कूलरपेक्षा कमी.

“तुम्हीच बसवून घ्या” म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 वाचावा. कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ज्या भिंतीतली वायर जीव घेते, ती जागा राहण्याजोगी कशी?

म्हणून आमचे म्हणणे :

1. घरमालकांनी कूलर सुरू होण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.
2. वायरमन बंधूंनी अर्थच्या जागी न्यूट्रल जोडू नये, मालकाने सांगितले तरीही.
3. दुकानदारांनी लोखंडी कूलर दोन पिनांच्या वायरवर विकू नये.
4. भाडेकरूंनी तिसरी पिन तोडू नये. पिन काढल्याशिवाय पाणी भरू नये, पत्र्याला हात लावू नये. आरसीसीबीचे टेस्ट बटन अधूनमधून दाबून पाहावे.

कोणाला शॉक लागला तर त्याला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग 108 ला फोन करा.

नवी खोली बघायला जाल तेव्हा भाडे आणि डिपॉझिट नंतर बोला. आधी विचारा, “अर्थिंग आहे का?” मालक गप्प राहिला तर पुढची खोली बघा.

— तुमच्याच वस्तीतले भाडेकरू