प्रोटॉनची अरुंद वाट : इंधन घटाच्या पटलाचा प्रश्न

हायड्रोजनची चर्चा बहुधा उत्पादनखर्च आणि साठवण यांभोवतीच फिरते. इंधन घटाच्या मध्यभागी असणारे पातळ पटल मात्र दुर्लक्षित राहते. प्रोटॉनला वाट द्यायची, पण इलेक्ट्रॉन व वायू यांना अडवायचे, हे त्याचे काम. यासाठी अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीत १९६० च्या दशकात विकसित झालेले ‘नॅफिऑन’ हे बहुवारिक अजूनही प्रमाण मानले जाते. तापमान १०० अंश सेल्सिअसकडे झुकू लागले की ते कोरडे पडते आणि वाहकता घसरते. शिवाय ते फ्लोरिनयुक्त आहे; अशा रसायनांवर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव पाच युरोपीय देशांनी २०२३ मध्ये मांडला आहे.

या पार्श्वभूमीवर जपानमधील एक संशोधन लक्षवेधी ठरते. क्योटो विद्यापीठाचे हिरोशी कितागावा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम व सेंद्रिय रेणूंपासून बनलेल्या स्फटिकी नॅनोनलिकेतील प्रोटॉनवहनाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. (धातू-सेंद्रिय चौकटींसाठी २०२५ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरलेले सुसुमु कितागावा हे निराळे, विद्यापीठ मात्र एकच.) प्रोटॉन वेगाने न्यायचे तर वाट जलस्नेही आणि आम्लधर्मी हवी, असा सर्वसाधारण समज. या नलिकेची आतील बाजू जलविरोधी आहे. तेथे पाण्याचे रेणू भिंतीला न चिकटता चार-चार आणि आठ-आठच्या पुंजक्यांनी एकमेकांना धरून राहतात आणि नळीत जणू बर्फाचीच दुसरी नळी तयार होते. आग विझवताना पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात, तसा प्रोटॉन रेणूमागून रेणू पुढे सरकतो. वाहकता सेंटिमीटरला सुमारे ०.०१ सीमेन्स भरली. कार्बन नॅनोनलिकांत असे मोजमाप अवघड असते, कारण त्यांतून इलेक्ट्रॉनही सहज वाहतात.

तरीही आकड्याने हुरळून जाणे योग्य नव्हे. अनुकूल स्थितीत ओल्या नॅफिऑनची वाहकता ०.१ सीमेन्सच्या घरात जाते. जपानी मोजमाप एकाच स्फटिकावर, नलिकेच्या दिशेने झाले. वाहनाला लागते ते लवचीक, मोठे आणि स्वस्त पटल. स्फटिक मात्र ठिसूळ, आणि प्लॅटिनमची किंमत सर्वांना ठाऊक आहे. नलिकेचे मोल सध्या पाणी कसे रचले जाते ते दाखवण्यात अधिक आहे.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, देशी बनावटीच्या इंधन घटावरील बस पुण्यात सादर झाली होती. प्रोटॉनवाहक धातू-सेंद्रिय चौकटींवर पुण्यातील प्रयोगशाळांतही काम झाले आहे. त्या स्फटिकांना बहुवारिकात मिसळून पटल बनवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत आणि तूर्त तोच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.