निऱ्यांचे गणित आधी कागदावर

गुढीपाडवा जवळ आला की हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये 'ट्रॅडिशनल डे'च्या मेल फिरू लागतात आणि वाकड, मारुंजी, माण पट्ट्यातल्या बुटिकवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. मागणी ठरलेली असते: शिवलेली नऊवारी. पाच मिनिटांत चढली पाहिजे, स्कूटरवर टांग टाकता आली पाहिजे, दिवसभर खुर्चीत बसून निऱ्या विस्कटता कामा नयेत आणि जमल्यास घरच्या मशिनमध्ये धुता आली पाहिजे. मग मास्तर साडी कापतो, पायांचे भाग बेततो, काष्टा जोडतो आणि निऱ्या घालून त्या पट्ट्याखाली शिवून टाकतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. बाई अंगाने थोडी भरली की तीच नऊवारी कपाटात पडून राहते, कारण कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही.

या व्यवसायातल्या मंडळींनी ओरिगामीकडे पाहायचे ते याच अडचणीच्या अंगाने. एरवी फॅशनमधली ओरिगामी म्हणजे खांद्यावर कडक घडीचा पक्षी किंवा कमरेला कागदी पंख्यासारखा फुलोरा, अशीच समजूत दिसते. जॉन गॅलियानोने 2007 मध्ये डिओरसाठी जपानी धर्तीचे कुत्यूर केले, त्यातल्या घड्या डोळे दिपवणाऱ्या होत्या. पण त्या पाहायच्या घड्या होत्या. फॅशनच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांतून त्यांच्या नकला अजून निघतात आणि फ्यूजिंगच्या, म्हणजे आत चिकटवलेल्या कडक अस्तराच्या, जोरावर उभ्या राहतात. फ्यूजिंग काढले की घडी कोसळते. अशा कामाला घडीकाम म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

खरे घडीकाम वेगळे. एकच ताव, कात्री नाही, डिंक नाही, आणि तरीही आकार उभा राहतो. ही अट लुगड्याने केव्हाच पाळलेली आहे. आठ-सव्वाआठ मीटरचे सरळ कापड, कमरेची एक गाठ, पुढे निऱ्या, मागे खोचलेला काष्टा, आणि त्यातून शेतात वाकता येईल असे दोन पायांचे वस्त्र तयार होते. उलगडले की पुन्हा सपाट. मापाचा प्रश्नच उरत नाही, कारण माप घडीत असते, कापण्यात नसते.

पुण्याला कागदाची घडी शिकवायला जपानहून कोणी यायची गरज नाही. 'छंदांविषयी' लिहिणाऱ्या अनिल अवचटांच्या हातात कागद आला की त्याचे काहीतरी होई, हे निम्म्या शहराने पाहिले आहे. मात्र ते वेड मुलांच्या शिबिरांत राहिले, शिवणाच्या वर्गात शिरले नाही. तिथे खाकी कागद येतो तो फक्त खाका कापण्यापुरता.

घडीला कपड्याचा पाया मानणाऱ्यांत पहिले ठळक नाव मारियानो फोर्च्युनी यांचे. व्हेनिसमध्ये साधारण 1907 पासून त्यांनी बारीक चुण्यांचा रेशमी 'डेल्फोस' बनवला आणि 1909 मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. पीळ देऊन तो छोट्या गोल डब्यात ठेवत. पाणी लागले की चुण्या जात आणि झगा परत कारखान्यात पाठवावा लागे. रेशमाची ही खोड आजही तशीच आहे.

जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी ती बाजूला सारली ती धागाच बदलून. 1993 मध्ये आलेल्या 'प्लीट्स प्लीज'ची युक्ती अशी की कपडा आधी शिवायचा, तोही हव्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा, आणि मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेच्या दाबाखाली त्याच्या घड्या पक्क्या करायच्या. आपली सवय याच्या नेमकी उलट आहे. त्याआधी 1991 मध्ये विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्टच्या बॅले मंडळींना मियाके यांनी असे कपडे दिले होते. उड्या, लोळण, घाम सोसून ज्या चुण्या टिकल्या त्या ऑफिसला टिकणारच. पुढे 2010 मध्ये '132 5.' आले. संगणकशास्त्रज्ञ जुन मितानी यांच्या सॉफ्टवेअरची मदत घेऊन एकाच कापडाची सपाट भूमितीय घडी तयार केली, वरचे टोक धरून उचलले की तिचा झगा किंवा सदरा होतो. कापड पुनर्वापरातल्या पॉलिएस्टरचे. ज्यांना नऊवारीचा प्रश्न खरोखर सोडवायचा आहे त्यांनी डिओरचे फोटो बाजूला ठेवून या सपाट घड्यांचा अभ्यास करावा.

पॉलिएस्टरच का, हे मास्तरांना अनुभवाने माहीत असते. कारणही ठाऊक असावे. साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या वर हा धागा मऊ पडू लागतो, आणि त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला घडी घालून तसाच थंड होऊ दिला की तो आकार लक्षात ठेवतो. कोमट पाण्याची धुलाई त्या तापमानापर्यंत पोचत नाही. सुती आणि रेशमी धाग्यांतले बंध मात्र पाण्यानेच सैल होतात, म्हणून इस्त्री केलेली निरी पावसाच्या एका सरीत जाते. तेव्हा जरीची रेशमी पैठणी घेऊन कोणी साच्यात घालू नये. प्रयोगाला पॉलिएस्टरची सेमी पैठणी पुरे.

साचा घरी करता येतो. जाड क्राफ्ट कागदाचे दोन सारखे ताव घ्यावेत, एकावर एक ठेवून बोथट सुरीने रेघा पाडाव्यात आणि डोंगर-दरी, डोंगर-दरी अशा घड्या दोन्हींवर एकदमच घालाव्यात. मग ताव उघडून मध्ये कापड पसरायचे; धागा रेघेशी समांतर आहे ना हे काठावरून पाहायचे. दोन्ही ताव कापडासकट मिटायचे, फळ्यांत आवळून वाफ द्यायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचे नाही. घाई इथेच होते आणि काम इथेच फसते. 1853 पासून चालत आलेले पॅरिसचे लोन्यों हे चुण्यांचे घराणे आजही असेच पुठ्ठ्याचे साचे वापरते. 2013 मध्ये ते शानेलने आपल्याकडे घेतले.

कागदावर जमलेले सगळे कापडावर जमतेच असे नाही. कागदाला उरेब नसतो. अंतराळातले सौरपंख मिटण्यासाठी ओळखली जाणारी कोऱ्यो मिउरा यांची घडी पाहून अनेकांना मोह होतो, पण तिच्या नागमोडी रेघा तिरक्या धाग्यावर पडतात आणि झिरझिरीत कापड तिथे लोंबते. सरळ रेघा ताण्याच्या दिशेने ठेवाव्यात, नागमोडीचा कोन कमी ठेवावा, आणि जॉर्जेटवर जाण्याआधी मांजरपाटावर करून पाहावे.

दुसरी अडचण जाडीची, आणि तिचे उत्तर हिंजवडीतच आहे. 'सॉलिडवर्क्स' हे आराखड्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सचे मोठे केंद्र इथे आहे, टाटा टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही इथेच. पत्रा वाकवला की वळणात किती लांबी जाते, याचा हिशेब धरल्याशिवाय इथला कुठलाही इंजिनीअर सपाट आकृती कापायला पाठवत नाही. जर्मनीत तर मोटारीच्या एअरबॅगची घडी संगणकावर बसवताना रॉबर्ट लँग यांच्या ओरिगामीच्या गणिताचा उपयोग झाला. आपल्याकडे मात्र 12 इंचांच्या भरगच्च निऱ्यांना 36 इंच कापड, एवढ्यावर गणित संपते. जाड काठात एका वळणाला 1 मिलिमीटर गेला असे धरले, तर 24 निऱ्यांच्या 48 वळणांत जवळजवळ दोन इंच गेले. पट्टा का बसत नाही, म्हणून मग शिलाई उसवत बसायचे.

वाढत्या मापाची गोष्टही नवी नाही. रायन मारिओ यासिन या वैमानिकी अभियंत्याने मुलांच्या वाढीबरोबर उलगडत जाणारे 'पेटी प्ली' कपडे बनवले आणि 2017 मध्ये ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार मिळवला. परकराला खाली दोन-तीन टक घालून दरवर्षी एक उसवणाऱ्या आयांना पुरस्कार कोणी दिला नाही. त्यांची युक्ती सरळ रेघेतली होती, यासिन यांची दोन्ही दिशांनी उघडते, एवढा फरक मान्य करायला हवा.

आता प्रत्यक्ष काम. साडी न कापता ऑफिसला नेता येईल अशी नऊवारी करायची तर निऱ्या साच्यात पक्क्या कराव्यात आणि कमरेला साडीपासून सुटा, हुकांचे दोन-तीन टप्पे असलेला कॅनव्हासचा पट्टा ठेवावा. निऱ्यांचा वरचा भाग त्यावर हातटाक्याने धरावा, म्हणजे धुताना उसवता येईल. काष्ट्याच्या घड्या मात्र पक्क्या करू नयेत. बसताना ताण तिथेच येतो आणि तिथे कापड मोकळेच हवे. पदराच्या घड्यांचा साचा वेगळा लागेल. एका साच्याचा कागद किती वाफा सोसतो हे कागदावर अवलंबून आहे, म्हणून एकेकट्याने दहा साचे करण्यापेक्षा तीन-चार बुटिकनी मिळून वाफेची एक पेटी घ्यावी.

पाडव्याच्या गर्दीत यातले काही होणार नाही. आषाढात लग्ने थांबतात, मशिन रिकामी असतात आणि गणपतीच्या ऑर्डरी अजून यायच्या असतात. ए-4 चा कागद, पट्टी आणि बोथट सुरी घेऊन बसायला तेवढे चार आठवडे हाताशी आहेत.