दूरचा बोलणारा

ऑफिसचा क्लायंट जर्मन, म्हणून सध्या आमचा शनिवारी जर्मनचा क्लास. परवा तिथे एक शब्द भेटला, 'फेर्नश्प्रेशर'. मला वाटलं, ब्लडप्रेशरचा कुणी चुलतभाऊ असेल! पण फोड केली तर एकदम सोपा. 'फेर्न' म्हणजे दूर, 'श्प्रेशर' म्हणजे बोलणारा. दूरचा बोलणारा, अर्थात टेलिफोन. १८७७ साली जर्मनीत टेलिफोन आला, तेव्हा तिथल्या टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिश श्टेफान यांनी हा शब्द घडवला. पोस्टातले फ्रेंच वळणाचे शेकडो शब्द काढून जर्मन शब्द बसवायचा त्यांनी सपाटाच लावला होता.

हे ऐकून रत्नागिरीच्या कुठल्याही मुलीला जे आठवेल तेच मला आठवलं. सावरकर! १९२४ ते १९३७ ते आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. दिनांक, महापौर आणि हो, दूरध्वनीचंही श्रेय त्यांनाच दिलं जातं. गंमत बघा, ग्रीकमध्ये 'टेले' म्हणजे दूर आणि 'फोने' म्हणजे आवाज. परक्या शब्दाला हाकलायला निघालेला आपला शब्द त्याचंच शब्दशः भाषांतर निघाला की! जर्मन निदान स्वतःच्या डोक्याने चालला.

नशीब मात्र दोघांचं सारखंच. जर्मन लोक आता सरळ 'टेलेफोन' म्हणतात, मोबाइलला तर चक्क 'हॅण्डी'. आपला दूरध्वनी उरला लग्नपत्रिकेच्या तळाशी, भ्रमणध्वनी या धाकट्या भावासकट. माझे बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. जन्मभर 'दूरध्वनी केंद्र' या पाटीखाली बसले, पण तोंडात कायम 'फोन डेड झालाय'.

रविवारी घरी फोन लावून मी उत्साहाने हे सगळं त्यांना ऐकवलं. माझं मत, जर्मन शब्दच भारी. त्यात माणूस तरी आहे, आपल्यात नुसता ध्वनी. वर्षभर झालं, बाबांना कमी ऐकू येतं. कानाच्या मशीनचं नाव काढलं की विषय बदलतात. फोनवर दोनदा 'हो, हो' करून आईकडे देतात. या वेळी दिला नाही.

"अगं, आवाज येतोय तुझा," ते म्हणाले. "काय बोलतेस ते कळत नाहीये. पण ठेवू नको, चालू दे."