रक्तातील वारसा आणि मैदानातील साधना

कोल्हापूरच्या तालमीत एखादे पोर दमदार निघाले की जाणती मंडळी म्हणतात, "रक्तातच आहे!" आता हीच भाषा प्रयोगशाळाही बोलू लागल्या आहेत. लाळेचा नमुना द्या, शुल्क भरा आणि आपले अपत्य कोणत्या खेळासाठी जन्मले ते जाणून घ्या, असे सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या आहेत. मोहात पडण्यापूर्वी विज्ञान नेमके काय म्हणते, हे पाहणे अगत्याचे आहे.

आनुवंशिकता खोटी नाही. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटीरँटा याच्या रक्तात एका जनुकातील बदलामुळे तांबड्या पेशी विपुल होत्या. १९६० व १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने ३ सुवर्णपदके मिळविली. पण असे उदाहरण विरळाच. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेरिटेज' अभ्यासात आढळले की, सारख्याच सरावाने कोणाचा दम पुष्कळ वाढतो, कोणाचा थोडा. आणि या फरकाचा सुमारे निम्मा भाग घराण्यातून येतो. मात्र तो निम्मा भाग एखाद्या जनुकात साठवलेला नाही, अनेक जनुकांत विखुरलेला आहे. १९९८ मध्ये 'एसीई' या जनुकाचा संबंध गिर्यारोहकांच्या दमसासाशी जोडला गेला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पुढे २००५ मध्ये केनियाच्या नामांकित धावपटूंत तो संबंध आढळलाच नाही! २०१५ मध्ये तज्ज्ञांनी एकमुखाने सांगितले की, खेळाडू निवडण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग नाही.

आपल्याच मातीतला दाखला घ्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्येही राहिला आणि धावण्याच्या स्पर्धांकडे वळला तो सैन्यात आल्यावरच. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून ३,००० मीटर स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने ती मक्तेदारी मोडून रौप्य मिळविले. सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. शाळकरी वयात कोणी त्याला चाचणीचा कागद दाखवून परत पाठविले असते तर?

१९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्या गुरूने शिष्याच्या रक्ताची नव्हे, तर निष्ठेची परीक्षा घेतली होती.

जनुक म्हणजे बियाणे. त्याला माती, पाणी आणि मशागत लागतेच. म्हणून पालकहो, चाचणीचे पैसे मुलांच्या दुधावर आणि बुटांवर खर्च करा. संस्थांनी मैदाने राखावीत, प्रशिक्षक नेमावेत. "तुझ्यात ते नाही" असा शिक्का दहा वर्षांच्या मुलीच्या कपाळी मारण्याचा अधिकार कोणत्याही प्रयोगशाळेला नाही. तिला आधी धावू तर द्या!