चिठ्ठी आपली, पाकीट कोणाचं?

दोस्तांनो, आपल्या वस्तीत पाणी दोन तास येतं, पण फोन चोवीस तास चालू असतो. मोर्चा कधी, वर्गणी किती, कोणत्या गावात बहिष्कार पडला, पोलिसांनी कोणाला उचललं, सगळं फोनवर. आणि हा सगळा व्यवहार एका परदेशी कंपनीच्या दारातून जातो. व्हॉट्सअॅपने २०१६ साली चिठ्ठीला कुलूप घातलं, हे खरं. मजकूर मधल्यामधे वाचता येत नाही. पण नंबर कोणाचा, ग्रुप कोणता, त्यात माणसं कोण, हे कंपनीला कळतं. चिठ्ठी बंद, पाकीट उघडं. आणि पोलिसाला पुष्कळदा पाकिटावरचा पत्ताच पुरतो.

१९२० साली पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब त्या दारात ताटकळत बसले नाहीत, आपलं पत्र चालवलं. दुसऱ्याच्या दारातून आपला आवाज किती जातो, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून 'ब्रायर'बद्दल लिहितो. २०१८ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. फुकट आहे, कोड उघडा आहे. नंबर मागत नाही, ईमेल मागत नाही. तुझी चिठ्ठी कोणा कंपनीच्या कोठारात न उतरता माझ्याच फोनात उतरते. इंटरनेट असलं तर 'टॉर'च्या जाळ्यातून वळसे घेत येते, कोण कोणाशी बोलतंय हे पाळतीवरच्याला सहजी कळत नाही. नेट तोडलं तर ब्लूटूथ किंवा वाय-फायवर जवळच्या फोनात जाते. फोरमवर टाकलेला मजकूर तर एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकतो. गोदीत आमची टोळी पोतं हातोहात पुढे देते, तसा.

नेट तोडतात का? २ एप्रिल २०१८ आठवा. अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणाऱ्या निकालाविरुद्ध भारत बंद होता आणि पंजाबात मोबाइल इंटरनेटच बंद केलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात काश्मीरचं तर तोंडच शिवलं. आणि २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने चौदा अॅप्सवर बंदी घातली, त्यात ब्रायरही होतं. कारण दिलं दहशतवाद्यांचं. च्यायला, दाराला कडी लावणारा प्रत्येक जण चोर काय? सावकाराची तिजोरी चालते, आपली कडी खुपते.

पण या प्रोग्रॅमचा ताईत करून गळ्यात बांधू नका. दोन्ही फोन एकाच वेळी चालू नसले तर चिठ्ठी अडून राहते. 'मेलबॉक्स' लावायचा तर वेगळा फोन सतत चालू ठेवावा लागतो. आमच्या पाळीच्या माणसाची बॅटरी संध्याकाळी मरते, त्याने काय करावं? पासवर्ड विसरला की सगळं गेलं, परत देणारा कोणी नाही. आणि फोनातच कोणी घुसला असेल तर कुलूप काय कामाचं? भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्या होत्या, असं आर्सेनल कन्सल्टिंगच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे.

त्याहून कडू गोष्ट. आमच्या टोळीच्या ग्रुपवर रात्री मजुरीवाढीचं बोलणं झालं, सकाळी ते मुकादमाच्या तोंडी. कोणी यंत्र लावलं नव्हतं. आपल्यातल्याच एकाने स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला होता. त्यावर जगात प्रोग्रॅम नाही. त्यावर उपाय म्हंजे एकमेकांच्या घरी जाणं, अडल्यावेळी उभं राहणं.

तेव्हा हिशेब सरळ ठेवा. गावातल्या साक्षीदाराचं नाव, अत्याचार झालेल्या बाईचा पत्ता, कामावरून काढलं जाईल अशा पोराचा शब्द, हे जिवापाड झाका. हे उघडं पडलं तर कोणाचं तरी घर जळतं. मागणी मात्र झाकू नका. ती भिंतीवर लिहा, गेटवर बोला, खाली आपलं नाव टाका. १९२७ साली महाडचं पाणी आपण रात्री चोरून प्यालो नाही. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत प्यालो.